तात्या मुरुडकरांचा सातवा मूकपट

मूकपटांच्या काळात जयवंत पारकर लालबागच्या तंबूत पाट्या वाचायचा. पडद्यावर अक्षरं उमटली की बाजूला उभं राहून ती खणखणीत म्हणायची, कारण निम्म्या प्रेक्षकांना वाचता येत नव्हतं आणि उरलेल्यांना कंटाळा यायचा. पुढे चित्रपट स्वतःच बोलायला लागले. जयवंत गिरणीत कापडाच्या घड्या घालू लागला. कापडाला पाट्या नव्हत्या.

त्याचं दैवत म्हणजे तात्या मुरुडकर. तात्यांनी सात मूकपट काढले. सहा भंगारात गेले; फिल्म वितळवून तिच्या बांगड्या केल्या म्हणे. तेव्हापासून जयवंत बायकांच्या मनगटांकडे फार निरखून बघे, आणि त्यापायी एकदा मारही खाऊन झाला होता.

सातव्याची शेवटची दोन रिळं त्याला काळाचौकीच्या भंगारवाल्याकडे सापडली. फिल्म पापडासारखी कडक. एकदा चालेल, पुन्हा नाही. एकट्याने बघावी, तर ती पाहिलेला माणूस जगात एकच उरणार, आणि त्या माणसाला दमा होता.

संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं, त्यात जमावबंदी. पाच माणसं जमली की गुन्हा. जयवंत कायदा पाळणारा. त्याने स्वतःला धरून हिशेब केला आणि तिघांनाच बोलावलं. रविवारी दुपारी खिडकीला घोंगडी लावली, तंबूतलं जुनं हाताने फिरवायचं यंत्र मांडलं, जुनी फिल्म भडकते म्हणून भिजवलेलं गोणपाट जवळ ठेवलं, आणि वाट बघितली.

तिघेही जमावबंदी मोडायला गेले होते.

तासाभराने त्याने यंत्राचा दांडा फिरवायला घेतला. पहिली पाटी आली तसा तो सवयीने गरजला, "किती दिवस सोसणार? उठा! हे राज्य अन्यायाचं आहे!"

दारावर दंडुका बसला.

जयवंतने आधी यंत्रातला दिवा विझवला, मग दार उघडलं. बाहेर हवालदार दौलत शेलार.

"कोण भाषण ठोकतंय? बाकीचे कुठे पळाले?"

"आलेच नाहीत."

हवालदाराने खाटेखाली वाकून पाहिलं. तिथे एक पेटी होती, आणि तीही एकटीच.

"उठा कोणाला म्हणालात, काका?"

"मी नाही, राणी म्हणाली. सैनिकांना."

"मग उठले का?"

"बसा ना. आपण दोघंच आहोत. कायद्याने अजून दोघं चालतात."

हवालदार पेटीवर बसला, टोपी मांडीवर घेऊन. सैनिक उठले, गेले. त्यांच्यात राणीचा नवराही गेला. दुसऱ्या रिळात राणी नुसती दाराकडे बघत बसली. दुसरा कोणी असता तर त्याने तिला रडवलं असतं. तात्यांनी पाटीसुद्धा टाकली नव्हती. फक्त तिच्या पायाशी पडलेलं ऊन सरकत सरकत भिंतीवर चढवलं होतं. जयवंतला वाचायला काही नव्हतं. त्याने दांडा जमेल तितका सावकाश फिरवला.

ऊन छपरापाशी पोचलं आणि फिल्मचे तुकडे पडले.

"तो येतो का परत?" हवालदाराने विचारलं.

"नाही."

"मग बघते कशाला?"

हे जयवंतला गेल्या पंचवीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. "तेच तर," तो म्हणाला. मग तो फिल्मचे तुकडे वेचू लागला.

"आमची गावाला अशीच बसते," हवालदार टोपी घालत म्हणाला. "मी पण जात नाही." मग त्याने वही काढली. "रिपोर्ट तर द्यायला पायजे." जीभ बाहेर काढून त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "बंद खोलीत सभा. उपस्थिती दोन. वक्ता एक बाई. भाषण थोडं, नंतर गप्प. बराच वेळ गप्प. ऊन छान होतं." तो थांबला. "छान खोडू का?"

"राहू द्या. मला एक प्रत मिळेल?"

"सरकारी कागद आहे, काका." रस्त्यावर शिट्टी वाजली तसा तो जिन्याकडे पळाला. "परत कधी लावाल तेव्हा सांगा!"

फिल्मचे पाच तुकडे जयवंतच्या हातात होते. ते घेऊनच तो गॅलरीत धावला. धाप लागली, तरी आवाज तंबूतलाच निघाला.

"हवालदारसाहेब! तात्या मुरुडकरांचं नाव राहिलं!"

खालून हवालदाराने वर पाहिलं. "कशात टाकू? आरोपीत?"

"कशातही टाका," जयवंत ओरडला, "पण टाका!"