गप्प बसणारा कॉम्प्युटर

पायातले बूटही निघाले नव्हते, तोच, सतत काहीतरी खोलत-जोडत बसते म्हणून वर्ग जिला खटपट म्हणायचा, तिला तो आवाज ऐकू आला. एकसुरी, जाड, चिवट घूंऽऽ. येत होता तिच्याच खोलीतून, आणि तिच्या खोलीत आवाज करणारी एकही वस्तू तिने ठेवली नव्हती.

सुट्टीभर राबून तिने गाणी रेकॉर्ड करायला स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जोडला होता. बाहेरचा डबा एका बंद पडलेल्या ऑफिसातला, प्रोसेसर कुणाचा तरी वापरून झालेला, स्क्रीन मावशीकडची, कोपऱ्यात चरा गेलेली. सगळीकडे हात आखडता घेतला, तो एकाच वस्तूसाठी: पंख्याच्या जागी बसवलेला, धातूच्या पात्यांचा भलामोठा ठोकळा. प्रोसेसरची उष्णता तो गुपचूप ओढून घ्यायचा. कॉम्प्युटर चालू आहे हे फक्त एका हिरव्या ठिपक्यावरून कळायचं. एवढ्याशा खोलीत माइक आणि कॉम्प्युटर शेजारी शेजारी राहणार, तर कॉम्प्युटरने तोंड मिटून बसायला नको?

आता त्याच्या जाळीतून निळागुलाबी उजेड सांडत होता आणि समोर मामा मांडी ठोकून बसला होता, हातात तिचाच स्क्रूड्रायव्हर.

"आलीस बाळा? तुझे बाबा म्हणाले, कॉम्प्युटरचा आवाजच येत नाही, बंद पडला वाटतं. उघडून बघतो तर पंखाच नाही. जळला असता की. तीन टाकलेत, दिव्यांचे. माझ्याकडून भेट."

मामा नात्यातल्या सगळ्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. कुणी बोलावलं नाही तरी करायचा. त्याला नको म्हणायची पद्धत घरात नव्हतीच.

"थँक्यू म्हण ना," आई दारातून म्हणाली.

खटपटने दप्तर खाली ठेवलं. तिच्यामागे तिची वर्गमैत्रीण भोंगा येऊन उभी राहिली होती. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणाऱ्या आवाजामुळे वर्गाने तिचं बारसं असं केलेलं. पण दोघींच्या गाण्याचं शेवटचं कडवं भोंगा अगदी श्वासाएवढ्या आवाजात म्हणायची. तेवढंच रेकॉर्ड व्हायचं राहिलं होतं. आणि खाली रस्त्यावर भोंगाच्या घरची कपाटं टेम्पोत चढत होती. संध्याकाळी ते सगळे गाव सोडून चालले होते.

खटपटने दोन ओळी रेकॉर्ड करून ऐकवल्या. भोंगाच्या आवाजामागे घूंऽऽ पसरलं होतं, स्वच्छ पाण्यात माती कालवावी तसं.

"एवढंच ना? हा आवाज काढून टाकायचं बटण असतं," मामा म्हणाला.

"ते दाबलं की हिचा श्वासपण जातो, मामा. ठोकळा कुठंय माझा?"

मामाने आईकडे पाहिलं. "डिकीत. एका गिऱ्हाइकाला बसवीन म्हटलं. तुला काही त्याचा..."

"आण."

"अगं, मामाशी असं बोलतात?" आई.

"मग दुसऱ्याची वस्तू न विचारता उघडतात? आणि वर घेऊन जातात?"

बाबा डोकावले, रागरंग पाहिला आणि आल्या पावली परत गेले. मामा उठला, खाली जाऊन ठोकळा घेऊन आला आणि टेबलावर आदळलाच.

"जळला तर माझ्याकडे येऊ नकोस."

"नाही येणार."

त्याने सवयीने स्क्रूड्रायव्हर उचलला. खटपटने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "हात नको लावूस."

भोंगाने टॉर्च धरला. खटपटने कॉम्प्युटर बंद करून पंखे उपटले, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसली, नव्या पेस्टचा थेंब ठेवला, ठोकळा बसवून स्क्रू आवळले. खालून टेम्पोचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला.

कॉम्प्युटर चालू झाला. हिरवा ठिपका, बाकी शांतता. भोंगाने डोळे मिटून सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला मामा म्हणाला, "बघ हं, आता तापेल."

खटपटने हेडफोन उतरवले. "बाहेर. जिन्यात जाऊन उभा राहा."

जन्मात पहिल्यांदाच, त्या दिवशी, ती कुणा मोठ्याला हुकूम सोडत होती. मामा गेला. या खेपेला कडवं शेवटपर्यंत नीट आलं, श्वासासकट. भोंगाने बाहीला नाक पुसलं, "आजच पाठव," म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या गाळत पळाली.

मामा परत आला. पंख्यांची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर टेकला.

"आता माफी माग," आई म्हणाली. "चांगल्या मनाने केलं त्याने."

तो खरंच दुखावला होता. ते खटपटला दिसत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

"आवाज चढवला त्याबद्दल सॉरी," ती म्हणाली. "माझी वस्तू परत मागितली त्याबद्दल नाही."

"ही काय माफी झाली?"

"एवढीच आहे माझ्याकडे."

"राहू दे गं ताई," मामा पुटपुटला आणि चहा न घेता उठला. आई त्याच्यामागे गेली. जाताना खटपटकडे बघितलंसुद्धा नाही.

खटपटने डब्याचं झाकण लावलं, चारही स्क्रू करकचून आवळले आणि स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या दप्तरात टाकला.