गाडी नसलेल्यांचं घर

"घरात कुणाच्या नावावर गाडी आहे?" घराचा अर्ज भरून घेताना टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं.

"नाही," हे म्हणाले.

मी यांच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर टेम्पोतून लोकांचे संसार हलवणारा माणूस, आणि 'नाही' म्हणताना पापणीसुद्धा लवली नाही.

बाईंनी शांतपणे नियम सांगितला. स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात जो इमारत बांधेल, त्याला नगरपालिका वरचे मजले वाढवून देते. त्या बदल्यात त्याने खालची घरं आमच्यासारख्यांना स्वस्तात द्यायची. गाड्या उभ्या करायला जागा सोडायची नाही, तिथेही घरंच बांधायची. म्हणून ज्याच्याकडे गाडी, त्याला हे घर नाही.

बाहेर आल्याबरोबर मी तोंड सोडलं. "अहो, या वयात खोटं बोलायची काय अवदसा आठवली? दारात एवढं धूड उभं आहे, ते काय लोकांना दिसत नाही?"

"दारात नाही ती. सकाळीच भाजीवाल्याला विकली."

मी म्हटलं, "मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

म्हणालेच असते. मी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करते. दिवसभर उभी, मग दोन बस, त्यातही उभीच. संध्याकाळी पाय असे सुजतात की चपला निघत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, हे असं चालायचं नाही, नोकरी सोडा. सोडून काय माती खायची? नव्या घरासमोरच स्टेशन होतं आणि तिथून ट्रेन थेट हॉस्पिटलपर्यंत जात होती. हे मला कळत होतं. पण टेम्पोचा विषय काढायची माझी छाती नव्हती.

मी त्या टेम्पोला सवत म्हणायचे. सकाळी उठल्यावर आधी तिची विचारपूस, मग माझी. सवत गेली तर बाईने खूश व्हावं की नाही? मला मात्र दोन दिवस घास गेला नाही.

भाजीवाला यांना म्हणाला होता, "दादा, तुम्हीच चालवा, रोजंदारी देतो." हे नको म्हणाले. घर मिळाल्यावर सामान हलवायच्या दिवशी तोच टेम्पो घेऊन आला, भाडं घ्यायला तयार नव्हता. किल्ली पुढे करून म्हणाला, "आज तरी तुम्ही बसा."

"गाडी तुझी आहे," म्हणत हे बाजूच्या सीटवर बसले. मी मध्ये. वळण आलं की यांचा पाय आपोआप खाली दाबला जायचा. मी समोर बघत बसले.

इमारतीपुढे थांबायला मनाई होती. रस्त्यावरच घाईघाईने सामान उतरवलं. निघताना यांनी भाजीवाल्याला थांबवलं. "थंडीत एका झटक्यात चालू होत नाही ती. चिडू नकोस तिच्यावर."

मी वर गेले. बऱ्याच वेळाने हे कपाटाचं एक टोक धरून आले, दुसरं शेजाऱ्याने धरलेलं. कपाट दारात अडकलं. हे पलीकडूनच म्हणाले, "ऐक, ट्रेन आली बघ. उद्यापासून तुला उभं राहायला नको, इथूनच सुटते ती."

"हो," मी म्हटलं. यांना धरून मोठ्याने रडावंसं वाटत होतं. पण मध्ये कपाट होतं. आम्ही ते आधी आत घेतलं.