जहाजावरून आल्यावर

केवळाबाई जहाजावरून वालूरला परत आली त्याला तीन आठवडे होत आले, तरी तिच्या पायाखालची जमीन काही थांबेना. शेळीची धार काढायला बसली की आख्खा गोठा हळूच वर जायचा आणि हळूच खाली यायचा. बाजेवर पडलं की बाज हाले. डोळे मिटले तर जास्तच.

तिचा एकुलता एक मुलगा अंगद मुंबईहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजावर कपडे धुण्याच्या खात्यात होता. तिथल्या माणसांना वर्षातून एकदा घरचं माणूस फिरवून आणता येई. त्यानं आईला बोलावलं. पाच दिवसांत मायलेकाची भेट झाली ती रोज तासाभराची. बाकी वेळ केवळाबाई कठड्याशी खुर्ची टाकून पाणी बघत बसायची. जहाजावर तिला एकदाही मळमळलं नाही. त्रास सुरू झाला तो धक्क्यावर पाय ठेवल्यावर.

सेलूच्या डॉक्टरांनी कान तपासले, रक्त तपासलं. "रिपोर्ट सगळे चांगले आहेत, मावशी. समुद्रावरून आल्यावर कुणाकुणाला असं राहतं. जाईल हळूहळू." किती दिवसांत, ते त्यांनाही सांगता येईना. नवल म्हणजे सेलूला जाताना एसटीत तिला अगदी बरं वाटलं होतं. गाडी खड्ड्यांतून आदळत होती आणि ही मात्र स्थिर. वालूरला उतरली, की पुन्हा सुरू.

गावात सांगायचं कुणाला? पुतणसून शालूनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या आणि आपल्या कामाला लागली. अंगदला तर कळूच द्यायचं नव्हतं. हौसेनं नेलं लेकरानं, त्याच्या जिवाला घोर कशाला?

एका सकाळी नळावरून पाणी आणताना तिचा तोल गेला. घागर सुटली. ती भिंतीला धरून उभी राहिली.

समोरच्या ओट्यावर बन्सीधर चहा पीत बसला होता. "काय केवळाबाई, सकाळी सकाळीच घेतली का?" तो म्हणाला, आणि ओट्यावरची माणसं हसली.

चेष्टाच ती. पण केवळाबाईच्या काळजात चर्र झालं. गेल्या दिवाळीत अंगद आठ महिन्यांनी घरी आला, तेव्हा तोही असाच भिंतीला हात लावत चालायचा. जेवता जेवता मध्येच डोळे मिटून बसायचा. तिचा नवरा बिरदेव दारूनंच गेलेला. तिला दुसरं काही सुचलंच नाही. फराळाला आलेल्या बन्सीधरासमोर, चार माणसांदेखत ती म्हणाली होती, "बापाच्याच वळणावर गेलास ना शेवटी!" अंगद फराळाचं ताट सारून उठला. पंधरा दिवसांची सुट्टी असून चौथ्या दिवशी निघून गेला.

आता तिनं लगेच अंगदला फोन लावला; पण समुद्रात असला की त्याचा फोन लागत नसे. चार दिवस ती लावत राहिली. पाचव्या दिवशी दुपारी ती शेळ्या घेऊन माळावर होती, तेव्हा त्याचाच आला.

"अंगद, दिवाळीला तू पेलेला नव्हतास ना रं?"



"न्हाई, आई."

"जमीन हालायली होती?"

"हं. सुट्टीवर आलं की आठ-पंधरा दिस हालतीच." मग एकदम त्याचा आवाज बदलला. "तुला कसं कळलं? तुला बी व्हायलंय का?"

"मंग तवा बोलला कामून न्हाईस?"

"तू इचारलं कुठं, आई? तू तर सांगूनच टाकलंस."

तिला रडू फुटलं. "लांबच्या झाडावर नजर ठिवून चालत जा, बरं वाटतं," तो सांगत राहिला.

"घरी कवा येतो?"

"कामाचे आणखी सहा महिने वाढवलेत. बघू..." आणि रेंज गेली.

संध्याकाळी काठी टेकत ती बन्सीधराच्या ओट्यापाशी गेली. "माझा अंगद दारूला शिवत न्हाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "त्याला जहाजामुळं गरगरायचं."

बन्सीधर गोंधळला. "अंगदला कोण काय म्हनलं?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. कुणालाच आठवत नव्हतं.

"मी म्हनले होते," केवळाबाई म्हणाली.

"असंल. बसा, चहा घ्या."

ती बसली नाही. शेळ्या बांधायच्या राहिल्या होत्या.

जमीन थांबायला पुढं महिना लागला. अंगद त्या वर्षी दिवाळीला आला नाही.