शेजारची सीट

"अगं, रेटतेस काय? चढाच्या आधी वेग धरायचा, चढावर नुसता राखायचा!"

"अहो, रेटत नाहीये. तुमचेच धडे गिरवतेय."

पावाचा टेम्पो चढणीला लागला होता. चालवत होती बायको, आणि शेजारच्या सीटवर अवघडून बसला होता थेंबू. डिझेलचा थेंब न् थेंब वाचवतो म्हणून अख्ख्या बेकरीनं ठेवलेलं हे नाव! पण आता त्याच्या गुडघ्यानं क्लच दाबायला साफ नकार दिला होता. मालकानं बजावलं होतं, "वहिनींना आजचा दिवस देऊन बघतो. पाव चेपले किंवा डिझेल जास्त लागलं, तर दुसरा ड्रायव्हर." म्हणजे टेम्पोची नोकरी घरातून जाणार. थेंबूचा जीव टांगणीला लागला होता.

चढ मात्र तिनं झकास काढला. माथा दिसताच पाय सैल सोडला, आणि टेम्पो आपल्याच जोरावर वर पोचला. थेंबूच्या मिशा खुलल्या.

"आता काढ न्यूट्रलला. फुकटात खाली!"

"नाही काढणार."

"अगं, जन्मभर मी असाच उतरलोय!"

"आणि जन्मभर मी जीव मुठीत धरून दारात उभी राहिलेय. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला, की उतारावर या गाडीचं इंजिन डिझेल मागतच नाही. न्यूट्रलला उलट मागतं. गॅरेजवाले भावजी सांगून थकले. ऐकलंत कधी?"

थेंबूचा हात सवयीनं गिअरकडे गेला. फट्! तिनं चापट मारली.

"ड्रायव्हरला त्रास द्यायचा नाही."

ड्रायव्हर! शब्द कचकन लागला. थेंबू खिडकीकडे तोंड करून फुगून बसला.

वळण घेतलं, तर समोर रस्ताभर मेंढ्या! दुखणं विसरून थेंबूचा पाय नसलेला ब्रेक शोधू लागला. पण टेम्पो दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत आधीच धिमा चालला होता. तिनं पाय टेकवला न टेकवला, तोच शहाण्या बैलासारखा थांबला. मागे एक ट्रेसुद्धा सरकला नाही. न्यूट्रलला असता तर? थेंबूनं गिअरकडचा हात हळूच मांडीखाली दडवला.

मेंढ्या आरामात गेल्या.

"बोला की काहीतरी," ती म्हणाली.

"क्लच जरा हळू सोड," तो पुटपुटला. मग गाडी पुन्हा उताराला लागल्यावर, "बरी उतरतेस."

पुढच्या वळणावर तिनं विचारलं, "अहो, तुमच्या बाजूनं कोणी येतंय का?"

थेंबू झोपला होता, तोंड उघडं टाकून. दुसऱ्याच्या हाती गाडी असताना उतारावर या माणसाचा डोळा कधी लागला नव्हता.

तिनं मान लांबवून स्वतःच पाहिलं, आणि ते वळण आणखी अलगद घेतलं.