यान येईपर्यंत

मी एक जॉयस्टिक आहे. संगणकावरच्या खेळात विमान किंवा यान हाकायला जो उभा दांडा लागतो ना, तीच मी. आमच्या गावात मला कुणी जॉयस्टिक म्हणत नाही, 'सरांचा गिअर' म्हणतात. गोष्ट माझी आहे, पण सांगताना तिच्यात माझ्याहून सरच जास्त येतील. ते बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या जन्माविषयी सांगण्यासारखं फार काही नाही. चीनमधल्या एका कारखान्यात माझे भाग जुळवले गेले. एका बाईने मला चारही दिशांना हलवून पाहिलं, बटनं दाबली आणि खोक्यात ठेवलं. माझा नमुना शेवटच्या काही वर्षांतला होता. जॉयस्टिक वापरणारे खेळ कमी होत चालले होते. म्हणजे मी जन्मले तेव्हाच थोडी जुनी होते.

२०१३च्या एप्रिलमध्ये मी गोंदियाला आले. कुरिअरवाला गावापर्यंत यायला तयार नव्हता, म्हणून सर स्वतः मला घ्यायला आले. डॉ. लखनलाल टेंभरे, वय पासष्ट. गोंदियाच्या कॉलेजात बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून ते कामठ्याजवळच्या आपल्या गावी परत राहायला आले होते. नावापुढे डॉक्टर असल्यामुळे पहिलं वर्षभर लोक त्यांच्याकडे ताप घेऊन येत. "डॉक्टर होय, पण सुई देत नाई," असं गावाचं त्यांच्याविषयी मत झालं होतं.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "पेटी मागं टाका जी." सरांनी मला मांडीवरच ठेवलं. वाटेत तीनदा खोकं उघडून मी आत आहे ना, ते पाहिलं.

मला आणण्याचं कारण एक खेळ होता. परदेशातल्या एका कंपनीने जाहीर केलं होतं की तिच्या खेळात अवकाशात हवं तिथे जाता येईल. कुठलाही ग्रह, कुठलाही चंद्र, हव्या त्या बाजूने. ती बातमी हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलाने, हेमेंद्रने, सरांना सहज म्हणून फोनवर वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला उलटा फोन केला आणि तो खेळ खेळायला काय काय लागतं ते विचारलं. संगणक आला, मी आले. खेळ नोव्हेंबरमध्ये येणार होता. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. घरात त्याला सगळे 'यान' म्हणू लागले.

सरांना त्या यानातून काय पाहायचं होतं, ते मला गिरजाबाईंकडून कळलं. गिरजाबाई म्हणजे सरांच्या पत्नी. शेजारणीला त्या सांगत होत्या.

१९९९च्या ऑगस्टमध्ये खग्रास सूर्यग्रहण होतं. सर चाळीस विद्यार्थ्यांना बसमधून ग्रहणाच्या पट्ट्यात घेऊन गेले. दोन महिने गणितं मांडून जागा त्यांनीच ठरवली होती. गिरजाबाई पुऱ्यांचे डबे घेऊन सोबत होत्या. संध्याकाळी सहाच्या सुमाराला आकाश भरून आलं. ढगांखाली मिनिटभर अंधार झाला, बगळे झाडांवर परतले, पुन्हा उजेड आला. सूर्य कुणाला दिसला नाही.

"मी इचारलं, झालं का? तं हे म्हणाले, झालं," गिरजाबाई सांगत होत्या. "ग्रहणात खाऊ नोको म्हणून पोरायनं पुऱ्याई खाल्ल्या नाई. आन ग्रहणई नाई दिसलं!"

त्या चाळिसांत सरांचा पुतण्या तिलक होता. पुढे तो शिक्षण सोडून शेतीकडे वळला. आता घराची सगळी शेती तोच पाहतो. वर्षातून दहा वेळा तरी तो म्हणायचा, "आमच्या काकाजीनं आमाले सरकारी बसनं ढग दाखवले." लोक हसायचे. सरही हसायचे. पण तिलकने कॉलेज सोडलं ते त्याच वर्षी, आणि सरांनी या दोन गोष्टी मनात कुठेतरी एकत्र बांधून ठेवल्या होत्या. तशा त्या बांधायचं कारण नव्हतं. तिलकला ट्रॅक्टर आवडत होता, एवढंच.

अडचण डोळ्यांची होती. सरांना काचबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची. सरांनी विचारलं, "किती वर्षं?" डॉक्टर म्हणाले, "तीन, दहा, सांगता येत नाही." तिथे तपासणीत हातात एक बटन देतात, समोर ठिपका दिसला की दाबायचं. मग कागदावर नजरेचा नकाशा छापून येतो. दिसत नाही तो भाग काळा. पहिला नकाशा सरांनी माझ्या शेजारी टेबलावर ठेवला, तेव्हा कडेला थोडंसं काळं होतं.

म्हणजे एका बाजूने यान यायचं होतं आणि दुसऱ्या बाजूने तो काळा रंग. आधी कोण पोचतं, एवढाच प्रश्न होता.

आता सरांची एक चूक सांगते. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुण्यांनी घरं भरतात, दुकानं लागतात, दिवसा दंडारीची सोंगं नाचतात. कंपनीने दिलेली तारीख आमच्या गावच्या मंडईच्या आदल्या दिवसाची निघाली. सरांनी तो योग मानला. कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्यांना पत्रं लिहिली, 'मंडईला यावे. घरी ग्रहण पाहण्याची सोय केली आहे.' परदेशी कंपनीच्या तारखेवर त्यांनी गावच्या तारखेइतकाच भरवसा ठेवला. एवढा शिकलेला माणूस, पण मंडईची तारीख कधी पुढे जात नाही, म्हणून यानाचीही जाणार नाही असं त्यांना वाटलं.

मंडईच्या सकाळी हेमेंद्रचा फोन आला.

"बाबूजी, पुढं गेलं."

"किती?"

"जूनपर्यंत."

"कारण काय दिलं?"

"अजून काम बाकी आहे म्हणतात. सॉफ्टवेअर असंच येते, बाबूजी."

तोवर ओसरीवर माणसं जमली होती. सरांच्या घरी मंडईला यान येणार, हे गावभर झालं होतं. दंडारीतला बिसराम तोंडाचा रंग न पुसता तसाच आला होता. केमिस्ट्रीचे उदाराम सर गोंदियाहून मटण खाण्याच्या तयारीने आले होते. सर म्हणाले, "यान आलेलं नाही. माझी चूक झाली." कुणी उठेना. शेवटी त्यांनी मलाच ओसरीवर आणून ठेवलं.

त्या दिवशी मला निदान शंभर हातांनी धरलं असेल.

"याचा रिव्हर्स कुठी पडते जी?" बिसरामने विचारलं.

"यान येऊन तं राहिलं आहे," तिलक म्हणाला. "गोंदियाच्या आउटरवर उभं असंल. सिग्नल नाई भेटला त्याले."

सगळे हसले. उदाराम सर तर खोकेपर्यंत हसले. लखनलाल सर आत गेले आणि त्यांनी पत्रांची यादी फाडून टाकली.

जून आला, तारीख पुढच्या फेब्रुवारीवर गेली. फेब्रुवारी आला, तेव्हा कंपनीने तारीखच काढून टाकली. 'तयार झाल्यावर' एवढंच लिहिलं. दर मंडईला लोक विचारायचे, "सर, सुटलं का आउटरवरून?" पुढे विचारणंही कमी झालं. एकदा हेमेंद्रने सांगितलं की नव्या खेळात जॉयस्टिक चालेल की नाही हे कंपनीचं ठरत नाहीये. त्या महिन्यात सरांइतकीच काळजी मलाही होती. सर येरझाऱ्या घालत, मला हलता येत नव्हतं, एवढाच फरक.

या तीन वर्षांत मी काय केलं? सरांना रोज सकाळी डोळ्यांत थेंब घालावे लागत. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. ती पाच मिनिटं त्यांना सहन होत नसत, भलते विचार येत. म्हणून ते मिटल्या डोळ्यांनी मला हातात धरत. हळू डावीकडे, हळू मध्यावर. हळू उजवीकडे, हळू मध्यावर. नंतर डोळे उघडून संगणकावर माझी चाचणी करत. पांढऱ्या चौकोनात एक अधिकचं चिन्ह असतं, मला हलवलं की ते हलतं. खेळ नसलेल्या त्या घरात सर तीन वर्षं एक अधिकचं चिन्ह चालवत होते.

"का करून राहिले जी?" गिरजाबाई विचारत.

"सराव."

"ज्याचा पत्ता नाई, त्याचा?"

"मी वेडा तर दिसत नाही ना, गिरजा?"

"दिसता. पण दवा टायमावर घेता, म्हणून मी बोलत नाई."

दर सहा महिन्यांनी नागपूरहून नवा नकाशा येई आणि माझ्या शेजारी पडे. २०१६च्या जानेवारीतल्या नकाशात डावा डोळा पूर्ण काळा होता. उजव्यात मधोमध एक पांढरं भोक राहिलं होतं, बांगडीएवढं.

सप्टेंबरमध्ये यान आलं. कुणाला पत्र नाही, मंडई नाही. गावातल्या इंटरनेटवर ते उतरलं नसतं, म्हणून पोळ्याच्या सुटीत हेमेंद्र ते डिस्कवर घालून घेऊन आला. तासभर खटपट करून त्याने मला त्याच्याशी जोडलं. मी चालले. मग तो बैलांची रांग पाहायला चौकात गेला. दुपारचे तीन वाजले होते. घरात दोघंच होते.

सरांनी खुर्ची पडद्याला चिकटवली. त्यांना एक तारा दिसला, एक ग्रह दिसला. मग काहीच सापडेना. चंद्र पडद्यावर होता, पण त्यांच्या भोकात नव्हता. ते डोकं फिरवून शोधत होते, आणि माझ्यावरचा त्यांचा हात ओला झाला होता.

"उशीर झाला," ते म्हणाले. "मला नाही जमणार आता."

गिरजाबाई हातातलं पीठ पुसत आल्या आणि शेजारी बसल्या. "काय पायजे? चंद्र? तो का, उजव्या अंगाले. नाई, तुमच्या उजव्या."

"केवढा आहे?"

"परातीयवढा."

"आणि सूर्य?"

"बोरायवढा."

"दोन्ही सारखे दिसायला हवेत. मी मागे घेतो. सारखे झाले की सांग."

"घ्या. अजून घ्या. आता पुरीयवढा आहे. अजून जरासा. थांबा जी, थांबा! आता त्याच्या मागं न्या."

पडदा अंधारला. काळ्या चंद्राभोवती पांढरी कडी उमटली, आणि ती नेमकी त्यांच्या भोकात मावली. गिरजाबाई म्हणाल्या, "यवढ्यासाठी नेली होती का तुमी पोरं?"

"हो."

त्याही थोडा वेळ पाहत राहिल्या. मग सर म्हणाले, "तिलकला बोलाव."

"तो बैल घेऊन तोरणाखाली उभा आहे."

"बोलाव. मी धरून ठेवतो."

त्या गेल्या. त्या खेळात चंद्र थांबत नाही, तो आपल्या वाटेने सरकत राहतो. त्याच्या सावलीत राहायचं तर यानही केसभर केसभर सरकवावं लागतं. खऱ्या ग्रहणाला मिनिट मिळालं होतं. सरांनी हे पंचवीस मिनिटं धरलं. डोळ्यातून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांनी हात काढला नाही. हळू डावीकडे, हळू मध्यावर. पांढऱ्या चौकोनातल्या त्या तीन वर्षांतली एकही सकाळ तेव्हा वाया गेली नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. एरवी मी खात्रीने फार थोडं सांगते.

तिलक धावत आला. हातांना बैलांचा गेरू तसाच होता. "का झालं काकाजी? काकीनं तं घाबरवून टाकलं मले."

"बघ."

तो पडद्यासमोर वाकला. त्याला ढगांची थट्टा करता आली असती. त्याने केली नाही. मग त्याने विचारलं, "हेच होय का जी ते?"

"हेच. सतरा वर्षं उशीर झाला."

"मी पाहू का धरून?"

सरांनी त्याचा हात माझ्यावर ठेवला. पण तिलकचा हात ट्रॅक्टरचा. त्याने मला असं ढकललं की सूर्य एकदम बाहेर आला आणि खोलीत लख्ख उजेड पडला.

"सुटलं ना बापा," तिलक म्हणाला.

"सुटू दे," सर म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकून बसले. गेल्या तीन वर्षांत त्यांना मागे टेकून बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता २०१९ चालू आहे. तो छापील नकाशा आता नागपूरहून येत नाही. मोजण्यासारखं काही उरलेलं नाही. माझं एक बटन रुतलंय, रबर सुटत चाललंय. रोज सकाळी गिरजाबाई मला धरतात, सर बाजूला बसून कुठे जायचं ते सांगतात आणि त्या काय दिसतं ते सांगतात. बहुतेक वेळा त्या कशावर तरी आदळतात. परवा हेमेंद्रचा फोन होता, कंपनीने या खेळाचा दुसरा भाग जाहीर केलाय, तारखेसकट. गिरजाबाई म्हणाल्या, "पाव्हण्यायले पत्रं टाकाची का?" सर खूप हसले.

माझी एकच विनंती आहे. दिवाळीची साफसफाई होईल तेव्हा मला खुशाल पुसा, जाळी काढा, रुतलेलं बटन तसंच राहिलं तरी चालेल. फक्त मुठीच्या डाव्या अंगाला चार बोटांचा गेरूचा डाग आहे. तो तेवढा राहू द्या.