पान एकशे चार
भाचीने सगळी पानं निवडली, एक कळ दाबली आणि सहाशेच्या वर बारीक निळे, छपाईत न उमटणारे ठिपके पडद्यावरून नाहीसे झाले.

“झालं साफ, मामा. नव्या प्रोग्रॅममध्ये हा कचरा कशाला न्यायचा?”

मामांनी मान वर केली. सव्वीस वर्षं ते पुस्तकांची पानं जुळवत होते, सगळी एकाच प्रोग्रॅमवर. येत्या शुक्रवारनंतर तो उघडणार नव्हता. कंपनीने तसं कळवलं होतं. त्याआधी एका रुग्णालयातल्या परिचारिकांचं औषधांचं पुस्तक नव्या प्रोग्रॅममध्ये हलवलं नाही, तर पुढची आवृत्ती पहिल्या ओळीपासून जुळवावी लागली असती. म्हणून त्यांनी बहिणीच्या लेकीला बोलावलं होतं. ती नुकतीच संख्याशास्त्राची पदवीधर झाली होती.

“प्रिंट काढ,” ते एवढंच म्हणाले.

प्रिंट आल्यावर त्यांनी मजकूर वाचलाच नाही. कागदाच्या उजव्या कडेवरून बोट खाली खाली नेलं. ते फक्त ओळींची टोकं तपासत. बोट थांबलं. ओळीच्या शेवटी ‘०.’ होतं आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला ‘५ मिलिग्रॅम’.

भाचीने दोनदा वाचलं.

“म्हणजे घाईत कुणी नुसती खालची ओळ वाचली, तर डोस दहापट?”

“तुझा तो कचरा आकडा दोन ओळींत तुटू देत नव्हता.”

“एकेक ठिपका हाताने घातलात? कुणी सांगितलं होतं?”

“कोण सांगणार? एकदा असा तुटलेला आकडा दिसला. तेव्हापासून घालतोय.”

तिने दोन्ही कान पकडले.

“पदवीचा कागद परत कर जाऊन,” मामा हसले.

जुनी फाइल शाबूत होती. भाचीने नव्या प्रोग्रॅमसाठी नियम लिहिला: आकडा कधीही मध्ये तुटणार नाही, आणि तो व त्याचं माप वेगळ्या ओळींत जाणार नाही. मग नियमाने धरलेल्या जागा आणि मामांचे ठिपके शेजारी ठेवून ती एकेक ताडून पाहू लागली. दुपारचा चहा निवून गेला.

“सहाशे अकरा ठिपके, मामा. एकही चुकीचा नाही! यंत्रालासुद्धा...”

ती थांबली. नियमाने सहाशे बारा जागा धरल्या होत्या.

मामांनी कपाटातून छापील प्रत काढली. पान एकशे चार, वरून अकरावी ओळ. शेवटी ‘०.’ आणि खाली ‘२५ मिलिग्रॅम’. पुस्तक चार वर्षं वापरात होतं.

“नव्या आवृत्तीत हे आपोआप नीट होतंय,” भाची हळूच म्हणाली. “कुणाला कळायचंही नाही.”

मामांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मग त्यांनी फोन जवळ ओढला आणि रुग्णालयाचा नंबर फिरवला.

“सिस्टर, तुमच्या पुस्तकाची पानं जुळवणारा बोलतोय. हातातलं काम जरा ठेवा आणि पुस्तक उघडा. पान एकशे चार, वरून अकरावी... हो, तीच ओळ. चूक माझी आहे. आधी सगळ्यांना सांगा. प्रती किती आहेत तुमच्याकडे? चाळीस? सगळ्या एका जागी काढून ठेवा. मी येऊन प्रत्येकीत हाताने दुरुस्त करतो.”

फोन ठेवून ते वळले, तेव्हा भाची चपला घालून दारात उभी होती. हातात दोन पेनं होती.