लच्छूभाऊंनी पावडरला ऊन दिलं

येरमटोला गावच्या पावडरचा नमुना मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिसऱ्यांदा तपासला. पहिल्या दोन उत्तरांवर माझा विश्वासच बसेना. विहिरीत टाकायच्या टीसीएल पावडरमध्ये साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असतो. विसाच्या खाली गेली की ती निकामी. तपासताना तिच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड आणि आम्ल घालतात. क्लोरीन आयोडीनला हाकलून बाहेर काढतो, द्रावण गडद तपकिरी होतं आणि तो रंग घालवायला ब्युरेटच्या नळीतलं थायोसल्फेट थेंबथेंब सोडत निम्मं संपतं. इथे पाणचट चहाचा रंग आला आणि थोड्याच थेंबांत गेला.

चार टक्के. दीड महिन्यापूर्वी हेच पोतं मी बत्तीस टक्क्यांचं म्हणून दिलं होतं.

गेल्या वर्षी पहिल्या पुरानंतर त्या विहिरीच्या पाण्याने अकरा माणसं आजारी पडली. लच्छूभाऊंची नात करिश्मा चार दिवस सलाइनवर होती. त्यानंतर विहिरीत पावडर टाकायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. आणि आता पाऊस आठवड्यावर आलेला. मी नवी पिशवी स्कूटीवर बांधली आणि वाटभर रागाची वाक्यं जुळवत गेले.

अंगणात चटया पसरल्या होत्या. एकीवर चिंच, एकीवर मोहफुलं, तिसरीवर पांढरी पावडर.

"हे काय आहे, लच्छूभाऊ?"

"पावडर ना, मदीहा मॅडम. ऊन देऊन राह्यलो. सकाळी काढतो, सांजेले भरतो. एक दिवस नाई चुकलो."

"पण ऊन द्यायला सांगितलं कुणी?"

"तुमीच."

घरात जाऊन त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद आणला. 'पावडर कोरडी ठेवावी. ओल लागू देऊ नये.' खाली माझी सही.

"आता बिना उनाचं पावसाळ्यात काई टिकते काय?" ते म्हणाले. "गोळे झाले होते. सुकरीनं फोडले."

"हात सोलले माहे," त्यांची बायको सुकरीबाई दारातून म्हणाली. "पयले नाक जळे. मंग नाई जळे. म्हटलं, बरं झालं, वास उडाला."

"वास नाही, बाई, क्लोरीन उडाला! तोच तर हवा होता आपल्याला!"

"मंग उरलं काय?"

"चुना."

लच्छूभाऊ ओट्यावर बसले. "तरीच तपासाच्या बाटलीत रंग नाई ये. म्या दोन चमचे जास्तच टाकत होतो." मग हळूच म्हणाले, "करिश्मा तेच पाणी पेते ना, मॅडम."

जुळवून आणलेलं एकही वाक्य मला वापरता आलं नाही. मिलिग्रॅमचा दहावा भाग मोजणारी बाई मी. आणि कागदावर 'झाकून, सावलीत' हे दोन शब्द लिहायचे राहिले होते. अशी चूक एखाद्या विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याला उभं केलं असतं.

नवी पावडर बादलीत कालवली, गाळ खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडलं. अर्ध्या तासाने नमुना काढून तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. बाटलीतलं पाणी पिवळं झालं.

लच्छूभाऊंनी बाटली उन्हासमोर धरली. "इतके दिवस हाच रंग पाहून राह्यलो होतो म्या."

उरलेली पावडर आम्ही घट्ट झाकणाच्या काळ्या डब्यात भरली आणि पंचायतीच्या अंधाऱ्या खोलीत ठेवली. कागदावर मी ठळक लिहिलं, 'ऊन देऊ नये. उघडी ठेवू नये.' परत सही केली.

अंगणात येऊन हेल्मेट उचललं, तर सुकरीबाईने एका सुपात पांढरं काहीतरी पसरून उन्हात ठेवलं होतं.

"आता हे काय?"

"मीठ. चामोर्शीच्या बजारातून पुडे आणले. ऊन नाई देलं त पाणी सुटते."

पुड्यावर 'आयोडीनयुक्त' असं ठसठशीत छापलेलं होतं. मी हेल्मेट परत खाली ठेवलं.

लच्छूभाऊंनी माझा चेहरा पाहिला. "हे बी त्याच घरचं काय, मॅडम?"

"चुलत भाऊ. तोही उन्हात उडतो."

"झाक वं लवकर!" ते सुकरीबाईवर ओरडले आणि घडी घातलेला कागद पुन्हा उघडून माझ्यापुढे धरला. "जागा हाय इथी. मीठ बी लिवा. आन् आणखी कोनी भाऊबंद असन त आताच सांगा."

मी पेन काढलं.